गरम कॉस्टिकच्या टाकीची गळती : कुठलं सीलंट टिकेल?

वडगावचा_धोटा | ९ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धाग्याचाच धंदा आमचा, म्हणून शेवटी इथेही धागा काढला.

बेळगावच्या वडगावात सूत रंगवायचं छोटं युनिट आहे. रंगाआधी सुताच्या लडी कॉस्टिकच्या (कॉस्टिक सोडा, जहाल अल्कली) पाण्यात उकळून काढाव्या लागतात. सुतावरचं मेण गेलं नाही तर रंग ठिगळासारखा चढतो आणि विणकर साडी तोंडावर फेकतो. टाकी एसएस ३०४ ची (स्टेनलेस स्टील), २ मीटर लांब, काँक्रीटच्या ओट्यात बसवलेली. कॉस्टिक लिटरला साधारण २० ग्रॅम. पाणी तापतं स्टीमच्या कॉइलने. कॉइलचा पाइप टाकीच्या बाजूला भोक पाडून आत घेतलाय, तळापासून वीतभर वर. भोक पाइपपेक्षा मोठं झालं, ती फट भरायची म्हणून हा सगळा खेळ.

आतापर्यंत काय काय केलं :
प्लंबरने सफेदा लावून ताग गुंडाळला. आठ दिवसांत चिकट घाण होऊन बाहेर आला.
मग लाल सिलिकॉन. ट्यूबवर ३०० अंश लिहिलंय. २२ दिवस टिकलं, नंतर कडा सुटल्या आणि बोटाने ओढलं तर दुधावरच्या सायीसारखं निघून आलं.
मग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी. पाचव्या दिवशी नखाने खरवडता यायला लागली, थंड झाल्यावर तडा.

माझा प्रश्न साधा आहे. पाणी ९५ अंशांच्या वर जात नाही. मग ३०० अंशवाली ट्यूब का जाते? आणि चांगलं, महाग असलं तरी चालेल असं काय आहे? गळतं ते ओट्यावरून फरशीवर येतं, फरशीच्या सांध्यातलं सिमेंट भुसभुशीत झालंय. परवा कामावरच्या पोराच्या पायाला भाजलं. लवकर मिटवायचंय.

अनगोळकर | ९ जुलै, रात्री १०:०५

दुसऱ्या कंपनीचं लाल सिलिकॉन घेऊन बघा की. आमच्या गाडीच्या सायलेन्सरला दोन वर्षं झाली, जागचं हललं नाही.

साचेबंद | ९ जुलै, रात्री ११:२०

मी उद्यमबागेत फौंड्रीत आहे. सिलिकॉन-बिलिकॉन सोडा. आम्ही कोअरच्या (साच्याच्या आतल्या गाभ्याच्या) वाळूत सोडियम सिलिकेट घालून वरून कार्बन डायऑक्साइड सोडतो, मिनिटभरात दगड होतो. त्याच सिलिकेटमध्ये मातीची पूड कालवून भट्टीच्या भेगा बुजवतो. हजार अंशाला काही होत नाही. कॅनभर मिळतं, स्वस्तात. उद्या या, देतो.

वडगावचा_धोटा | १० जुलै, सकाळी ७:१५

साचेबंद मामा, लई उपकार होतील. दुपारी येतो.

लिटमस | १० जुलै, सकाळी ८:५०

धोटा, थांब. दुपारी जाऊ नकोस.

निपाणीत ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पहिल्या तासाला पोरांना एक बाटली दाखवायचो. कॉस्टिकचं द्रावण भरलेली, काचेच्या बुचाची, बूच कायमचं अडकलेलं. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी आधी कधीतरी केलेली चूक. कॉस्टिक काचेला खातं, तिथे सिलिकेट तयार होतं आणि बूच चिकटून बसतं. म्हणून कॉस्टिकच्या बाटलीला रबराचं नाहीतर प्लास्टिकचं बूच.

आता सोडियम सिलिकेट म्हणजे काय? वाळू आणि कॉस्टिक दाबाखाली तापवून ते बनवतातच. म्हणजे ज्याच्यापासून झालं त्याच्यातच ते परत विरघळणार. साचेबंदांचं बरोबर आहे, हजार अंश ते झेलतं, पण कोरड्या भट्टीत. ओल्या, गरम कॉस्टिकमध्ये ते साखरेसारखं जाईल.

बेळगावच्या लोकांना तर हे सांगायला नको. आपल्या शहरातच बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढतात. १८८८ मध्ये बायर नावाच्या ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञाने पेटंट घेतलेली पद्धत, गरम कॉस्टिकमध्ये बॉक्साइट विरघळवायचं. त्या धंद्यात बॉक्साइटमधली सिलिका म्हणजे डोकेदुखी, कारण तीही कॉस्टिक खाते आणि माल वाया घालवते.

सिलिकॉनचा सांगाडाही सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असाच. उष्णतेला चिवट, पण गरम अल्कली नेमकी तीच कडी तोडते. ट्यूबवरचे ३०० अंश खोटे नाहीत, ते कोरड्या हवेतले आहेत. अनगोळकरांचा सायलेन्सर कॉस्टिक पीत नाही.

आणि सफेद्यात जवसाचं तेल असतं. तेल अधिक कॉस्टिक बरोबर साबण, हे तुला धंद्यातून माहीत असायला हवं होतं. आठ दिवसांत बाहेर आलेली चिकट घाण म्हणजे तू टाकीला लावलेला साबण.

साचेबंद | १० जुलै, सकाळी ९:३०

सर, कबूल. आमच्याकडे कॉस्टिक येतच नाही, त्यामुळे डोक्यात आलं नाही. कॅन परत गोदामात ठेवला.

वडगावचा_धोटा | १० जुलै, दुपारी १:०२

सर, म्हणजे आम्ही आठ दिवस टाकीला साबण लावून बसलो होतो! घरात सांगितलं, बाबा अजून हसायलेत.

मग इपॉक्सी का गेली? इपॉक्सीला कॉस्टिक चालतं असं सगळीकडे ऐकलंय.

लिटमस | १० जुलै, दुपारी ३:४०

चालतं. नेहमीच्या इपॉक्सीत मुख्य बंध ईथरचे असतात, ते अल्कलीला दाद देत नाहीत. पॉलियुरेथेन घेतलंस, विशेषतः एस्टर जातीचं, तर ते तुटेल. तुझी अडचण उष्णतेची आहे. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली साधी इपॉक्सी ६०-६५ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. मऊ पडली की पाणी आत शिरतं, थंड झाली की तडकते. तुझ्या पुट्टीचा पाचवा दिवस यातच गेला.

नोव्होलॅक इपॉक्सी नावाचा प्रकार आहे, त्याची वीण दाट असते, उष्णता आणि रसायनं दोन्ही जास्त झेलतो. पण त्याला लावल्यावर हळूहळू तापवून पक्कं करावं लागतं. नुसतं लावून सोडलं तर निम्मे गुण वाया.

खडेबाजार | १० जुलै, संध्याकाळी ६:१५

दुकानदाराचंही ऐका. नोव्होलॅक आपल्याकडे लहान पॅकमध्ये सहजी मिळत नाही, फ्लोअरिंग करणाऱ्या ठेकेदारांकडे असतो. आणि काउंटरवर आम्हाला 'कॉस्टिकला काय देऊ' असं कुणी विचारत नाही. 'उष्णतेला' विचारतात, लाल ट्यूब घेऊन जातात. चूक निम्मी आमची, निम्मी गिऱ्हाइकाची.

उसाचा_पाला | १० जुलै, रात्री ९:५५

संकेश्वर भागातल्या साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सीझन संपला की इव्हॅपोरेटरच्या (रस आटवायच्या भांड्याच्या) नळ्यांत बसलेला थर काढायला आम्ही कॉस्टिकच उकळतो, त्यामुळे या पाहुण्याशी माझी जुनी ओळख आहे.

धोटा, एक सांगा. स्टीमचं प्रेशर किती?

वडगावचा_धोटा | १० जुलै, रात्री १०:१०

बॉयलरच्या घड्याळावर ३ किलो.

उसाचा_पाला | १० जुलै, रात्री १०:५०

तेच विचारायचं होतं. ३ किलोला स्टीम साधारण १४३ अंशांची असते. तुम्ही पाण्याचे ९५ अंश मोजताय, पण सीलंट पाण्यात नाहीये, पाइपाला चिकटलंय. पाइप भोकातून आत जातो त्या जागी सीलंटची एक बाजू १४३ अंशांवर.

दुसरं. फटीत जे दोन-चार थेंब शिरतात त्यांचं पाणी त्या पाइपावर लगेच उडून जातं. कॉस्टिक उडत नाही. पुन्हा थेंब येतो, पुन्हा पाणी उडतं. टाकीत २ टक्के असलेलं कॉस्टिक त्या फटीत किती टक्के झालं असेल? पन्नास टक्क्यांचं द्रावण १४० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे तुमच्या पाइपावर तितकं तीव्र होईपर्यंत ते वाढतच राहू शकतं. तुम्ही सीलंटला २ टक्के, ९५ अंशांची परीक्षा दिलीच नाही. पन्नास टक्के, १४० अंशांची दिलीत. त्याला कुठलीच ट्यूब पास होणार नाही, आणि ट्यूबचं काय घेऊन बसलात, तितक्या तीव्र गरम कॉस्टिकमध्ये ३०४ सुद्धा ताण असलेल्या जागी तडकू शकतं. भोक पाडून वाकवलेल्या कडेला ताण असतोच. गळतीच्या जागी बारीक केसासारख्या भेगा दिसतात का बघा. टॉर्च घेऊन, टाकी थंड करून.

लिटमस | ११ जुलै, सकाळी ६:३०

वा! ३१ वर्षांत हे असं फळ्यावर मांडलं नाही मी.

वडगावचा_धोटा | ११ जुलै, दुपारी २:२०

टाकी रिकामी करून बघितलं. भोकाच्या कडेला पांढरा खडा धरलाय, खारट मिठासारखा. (चाटला नाही, घाबरू नका.) खाली एक बारीक रेघ आहे, भेग आहे की ओरखडा कळत नाही.

साय | ११ जुलै, दुपारी ४:०५

धोटा दादा, मी डेअरीत प्रोसेसला आहे, रायबागकडची. आमच्या पाइपलाइन रोज १.५ ते २ टक्के कॉस्टिकने ७५-८० अंशांवर धुतल्या जातात, मग पाणी, मग नायट्रिक ॲसिड, मग पाणी. तुमच्यापेक्षा तापमान कमी, पण रोज, वर्षानुवर्षं. आमच्याकडे कुठेही चिकटवलेला सांधा नाही. एकही नाही. सगळे क्लॅम्प आणि गॅस्केट. गॅस्केट ईपीडीएम रबराचं.

एक गंमत सांगते. माझ्या पहिल्या वर्षी स्टोअरमध्ये ईपीडीएम संपलं. मी हुशारी करून व्हायटॉन रबराच्या रिंगा बसवल्या, कारण महाग आणि २०० अंशांपर्यंत चालतात. काही आठवड्यांत कडक पडून तडकल्या. व्हायटॉन तेलाला आणि उष्णतेला राजा, पण गरम अल्कली त्याला चालत नाही. स्वस्त ईपीडीएम चालतं, स्टीमही झेलतं. फक्त तेल लागू देऊ नका, फुगतं. सूत उकळताना तेलकट साबण वापरता का?

वडगावचा_धोटा | ११ जुलै, संध्याकाळी ५:३०

वेटिंग एजंट (सूत नीट भिजावं म्हणून) घालतो थोडा. तेल नाही. ताई, मीही परवा व्हायटॉनच मागवणार होतो. वाचवलंत.

उसाचा_पाला | ११ जुलै, रात्री ९:००

ताईंचं शंभर टक्के बरोबर. ईपीडीएमला मी १२०-१३० च्या पुढे नेत नाही, म्हणून स्टीमच्या पाइपावर थेट ते नको. तिथे टेफ्लॉन. २६० अंशांपर्यंत चालतं आणि कॉस्टिकची त्याला फिकीर नाही. फक्त दाबाखाली ते हळूहळू सरकतं, म्हणून पहिल्यांदा गरम करून थंड झालं की बोल्ट परत आवळायचे. हे विसरणारे आमच्याकडे दर सीझनला एक-दोन निघतात.

पण मी तुमच्या जागी असतो तर ते भोकच ठेवलं नसतं. पाइप टाकीच्या काठावरून वरून आत घ्या. पाण्याच्या रेषेखाली भोक नाही, तर गळायला काही नाही. जुन्या भोकावर ३०४ चा तुकडा वेल्ड करून बुजवा, वेल्डच्या आधी त्या रेघेसकट कड कापून टाका, कारण भेग असेल तर ती वेल्डखाली पुढे चालत राहते.

अडचण एकच येईल. कॉइलमध्ये वाफेचं पाणी होतं, ते आता वर चढून बाहेर जायला हवं. तसंच सोडलं तर कॉइल तुंबते, ठक-ठक आवाज येतो आणि पाणी तापायला वेळ लागतो. म्हणून कॉइलच्या सगळ्यात खालच्या टोकाला लहानशी यू करून तिथून बारीक पाइप वर न्यावा आणि बाहेर ट्रॅप (पाणी सोडतो, वाफ अडवतो) बसवावा. चांगला फिटर असेल तर त्याला नुसतं 'लिफ्ट' म्हटलं तरी कळेल.

अनगोळकर | ११ जुलै, रात्री ९:२५

इतक्यात नवीन टाकी झाली असती.

उसाचा_पाला | ११ जुलै, रात्री ९:४०

नाही हो. कॉइल तीच, दोन बेंड आणि दीड-दोन मीटर पाइप. एक दिवस.

साचेबंद | १२ जुलै, सकाळी १०:१०

मला अजून एक गोष्ट पटत नाही. टाकी घट्ट ओट्यात बसवली तर वरून कितीही सांधे केलेत तरी हलतंच की. काल रिकाम्या वेळी हिशेब केला. एसएस ३०४ प्रत्येक अंशाला मीटरमागे १७ मायक्रॉन वाढतं. तुमची टाकी २ मीटर, २५ वरून ९५ म्हणजे ७० अंश. २ गुणिले ७० गुणिले १७, म्हणजे जवळजवळ २.४ मिलिमीटर. ओट्याचं काँक्रीट तितकंच तापलं असं धरलं तरी १० मायक्रॉनने १.४ मिलिमीटर. रोज सकाळी टाकी ओट्यापेक्षा एक मिलिमीटर पुढे जाते, संध्याकाळी परत येते. कडक इपॉक्सीने ती कड भरलीत तर ती तडकणारच, ब्रँड कुठलाही असो.

वडगावचा_धोटा | १२ जुलै, सकाळी ११:००

साचेबंद मामा, सिलिकेटचं सगळं माफ.

टाकी आणि ओट्यामधली कड तशीच मोकळी सोडतो. आत काही जाऊ नये म्हणून वरून पत्र्याची झालर लावेन. आता फरशीचं सांगा. सिमेंट जाऊन सांधे मोकळे झालेत, पाय ठेवला की फरशी हलते.

साचेबंद | १२ जुलै, दुपारी १२:३०

हे मात्र माझं क्षेत्र. फ्युरान! आमच्याकडे मोठ्या साच्यांच्या वाळूत फ्युरान रेझिन असतं. ॲसिडला आणि अल्कलीला दोन्हीला टिकतं, रसायनांच्या कारखान्यात फरशीचे सांधे भरायला फ्युरानचाच मसाला वापरतात. आयएस ४८३२ या भारतीय मानकात रसायनांना टिकणारे मसाले आहेत, पहिल्या भागात सिलिकेटचे, दुसऱ्यात रेझिनचे. पहिल्या भागाचं नाव आता काढत नाही.

लिटमस | १२ जुलै, दुपारी १:१५

फ्युरानचं बरोबर, पण एक खोच आहे. ते घट्ट व्हायला ॲसिडचा उत्प्रेरक लागतो. तुझी फरशी कॉस्टिकने भिजलेली, खाली काँक्रीट, तेही अल्कलीच. ॲसिड तिथेच खर्ची पडेल आणि काँक्रीटला लागलेला थर कच्चा राहील. म्हणून आधी प्रायमर किंवा दुसऱ्या कशाचा तरी थर मध्ये हवाच. इतक्या छोट्या जागेला मी नोव्होलॅक इपॉक्सीचं ग्राउट (सांधे भरायचा मसाला) सुचवेन. फरशी टाकीइतकी तापणार नाही.

सिमेंट कशाने भुसभुशीत झालं हेही ऐक. कॉस्टिक वाळतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन धुण्याचा सोडा होतं. त्याचे खडे सिमेंटच्या छिद्रांत वाढतात आणि आतून ढकलतात. तुला दिसलेले पांढरे खडे तेच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काहीही लावायच्या आधी जागा साफ. सांधे खरवडून काढ, भरपूर पाण्याने धू, मग लिंबूसत्वाचं पातळ पाणी, परत पाणी, आणि लिटमस कागद. (नावाला जागतोय.) निळा आला तर परत धू. टॉयलेट धुवायचं ॲसिड मुळीच वापरू नकोस, त्यातलं क्लोराइड तुझ्या ३०४ टाकीला खड्डे पाडेल. आणि रंगाच्या खोलीत हायड्रोसचे (रंगकामातली पूड, सोडियम डायथायोनाइट) डबे असतील तर ॲसिडचं काही तिथे नेऊ नकोस. हायड्रोसवर ॲसिड पडलं तर सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, छातीत कोंडतं.

साय | १२ जुलै, दुपारी २:३०

पावसाचं कुणी बोललं नाही. जुलैत बेळगावात फरशी सुकते तरी का? ओलसर हवेत इपॉक्सीवर पांढुरका चिकट थर येतो, त्याच्यावर दुसरा थर बसत नाही. हॅलोजनचे दिवे रात्रभर लावून जागा कोमट ठेवा, आणि फरशी हवेच्या दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असेल तेव्हाच लावा.

आणि त्या पोराचा पाय कसा आहे? गमबूट आणि गॉगल घेऊन द्या त्याला आधी. डोळ्यात थेंब गेला तर निदान १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचा, नळ टाकीजवळच हवा, बाथरूममध्ये नको. कॉस्टिक पाण्यात हळूहळू टाकायचं, कॉस्टिकच्या पापुद्र्यांवर पाणी ओतायचं नाही. आणि ढवळायला, मोजायला ॲल्युमिनियमचं भांडं नको, हायड्रोजन सुटतो.

वडगावचा_धोटा | १२ जुलै, दुपारी ३:१०

ताई, पाय बरा आहे, फोड आले होते. मोजायला आमच्याकडे ॲल्युमिनियमचा मगच होता. आजच काढला. 'एवढा फेस कशाने येतोय' म्हणून वर्षभर विचारत होतो.

वडगावचा_धोटा | २७ ऑगस्ट, रात्री ८:३०

खूप दिवसांनी. आपल्या फिटरला नेमका लग्नाचा घाट, म्हणून तीन आठवडे उशीर.

रेघ भेगच निघाली, कापल्यावर आत दीडेक इंच गेलेली. गोल तुकडा कापून ३०४ चा पॅच आतून-बाहेरून वेल्ड केला. कॉइल काठावरून आत, तळाला यू, बाहेर ट्रॅप. पहिल्या दिवशी ठकठक वाजलं, यू फार मोठी झाली होती, लहान केल्यावर थांबलं. तळाच्या ड्रेनला आधी आटे होते, ते काढून फ्लँज (बोल्टने आवळायची चकती) आणि ईपीडीएम गॅस्केट. स्टीमच्या फ्लँजला टेफ्लॉन, दुसऱ्या दिवशी बोल्ट परत आवळले, पाला भाऊ म्हणाले तसे अर्धा-अर्धा फेरा खरंच फिरले.

फरशीचं नोव्होलॅकने केलं. पहिल्यांदा कागद निळा आला, सरांच्या सांगण्यावरून परत धुतलं, तिसऱ्या वेळी लाल कागद निळा व्हायचं थांबलं. हॅलोजन दोन रात्री. आज पंधरवडा झाला, ओटा कोरडा आहे. पांढरे खडे नाहीत.

आता उरल्यात लाल सिलिकॉनच्या तीन ट्यूब, सीलबंद. ऑफिसच्या खिडकीतून पाऊस आत येतो, तिथे चालतील ना?

खडेबाजार | २७ ऑगस्ट, रात्री ९:०५

चालतील. पण ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर लोखंडी ग्रिलला लागू देऊ नका, गंज धरतो. ॲल्युमिनियमची चौकट असेल तर बिनधास्त.

वडगावचा_धोटा | २७ ऑगस्ट, रात्री ९:१२

लोखंडीच आहे हो.